बर्फावरील गळ : अल्पखर्ची हिवाळी मासेमारीचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

उत्तर गोलार्धातील शीत प्रदेशांत हिवाळ्याचे काही महिने सरोवरे गोठलेली असतात. या गोठलेल्या थराला छिद्र पाडून त्याखालील पाण्यात गळ टाकणे आणि मासे पकडणे, ही उत्तर अमेरिका, स्कँडिनेव्हिया, फिनलंड व रशिया या भागांतील एक जुनी रीत आहे. आज ती मुख्यतः छंद म्हणून ओळखली जाते. या छंदासाठी यंत्रचलित गिरमिटे, ध्वनिलहरींवर चालणारी मासेशोधक यंत्रे, उबदार तंबू आणि बर्फावर धावणारी वाहने उपलब्ध असल्यामुळे नवागताचा असा समज होणे स्वाभाविक आहे की, पुरेसे भांडवल असल्याखेरीज या क्षेत्रात पाऊल टाकता येत नाही.

या पद्धतीचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. बर्फावरील गळाची मासेमारी ही मूलतः नाव नसलेल्या माणसाची मासेमारी होती. उन्हाळ्यात खोल पाण्यापर्यंत जाण्यासाठी नाव लागते. ज्याच्याजवळ ती नाही त्याला काठावरूनच गळ टाकावा लागतो. हिवाळ्यात सरोवर गोठले की तेच खोल पाणी पायी चालत जाण्याच्या अंतरावर येते. बर्फ हीच गरिबाची नाव ठरते. या दृष्टीने पाहता अल्प खर्चात मासेमारीस प्रारंभ करणे ही आधुनिक काटकसरीची क्लृप्ती नसून या परंपरेचे मूळ रूप आहे. हे मूळ रूप कोणत्या साधनांवर उभे होते, ते खर्चिक कसे झाले आणि त्याच्यापुढे आज कोणते संकट उभे आहे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

नैसर्गिक पार्श्वभूमी

या पद्धतीचा पाया पाण्याच्या एका गुणधर्मावर आधारलेला आहे. पाण्याची घनता सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानाला सर्वाधिक असते. त्यामुळे त्याहून थंड पाणी वर राहते, पृष्ठभाग प्रथम गोठतो आणि हलका बर्फ पाण्यावर तरंगतो. खोल सरोवराच्या तळाशी मात्र ४ अंशांच्या आसपासचे पाणी शिल्लक राहते व मासे जिवंत राहतात. थंडीमुळे त्यांची शरीरक्रिया मंदावते. ते कमी खातात व फार दूर धावत नाहीत. म्हणून हिवाळ्यात लहान गळ आणि लहान आमिष अधिक उपयोगी पडते. ज्या ऋतूत माणसाजवळची सामग्री सर्वांत तुटपुंजी असते, त्याच ऋतूत मासाही लहानशा आमिषावर येतो, ही निसर्गाची सोय या परंपरेच्या मुळाशी आहे.

जाळे, भाला आणि गळ

बर्फाखालील मासेमारीचे तीन प्रमुख प्रकार इतिहासात दिसतात. पहिला प्रकार जाळ्याचा. स्वीडिश धर्मगुरू ओलाउस मॅग्नस याने १५५५ मध्ये रोम येथे प्रसिद्ध केलेल्या उत्तरेकडील लोकांविषयीच्या ग्रंथात बर्फाखाली जाळे ओढून केल्या जाणाऱ्या मासेमारीची माहिती दिली आहे. या प्रकारात छिद्रांची रांग पाडून एका छिद्रातून दुसऱ्या छिद्राकडे जाळे सरकवावे लागते. त्यासाठी अनेक माणसे व मोठे जाळे लागते. म्हणजेच हा प्रकार सामूहिक श्रमाचा आणि भांडवलाचा आहे.

दुसरा प्रकार भाल्याचा. उत्तर अमेरिकेतील पंच महासरोवरांच्या परिसरात राहणाऱ्या ओजिब्वे व अन्य मूलनिवासी समाजांनी तो विकसित केला. बर्फात छिद्र पाडून त्यावर काठ्यांचा सांगाडा उभा करायचा, कातड्याने किंवा घोंगडीने तो झाकून आत अंधार करायचा आणि पालथे पडून पाण्यात पाहायचे. आत अंधार असल्याने बर्फातून झिरपणाऱ्या प्रकाशात खालचे पाणी स्पष्ट दिसते. लाकडात कोरलेला फसवा मासा दोरीने पाण्यात हालवून मोठ्या माशाला जवळ आणले जाते व भाल्याने त्याचा वेध घेतला जातो. लाकूड, कातडे आणि हस्तकौशल्य यांखेरीज या पद्धतीस फारसे काही लागत नव्हते. पोटासाठी घडविलेले हे लाकडी मासे आज लोककलेचे नमुने म्हणून संग्राहकांकडे जातात, ही बाब या साधनांच्या बदललेल्या स्थानाची निदर्शक आहे.

तिसरा प्रकार गळाचा, म्हणजे कोकणात ज्याला 'गरवणे' म्हणतात त्याचा. फर व्यापारी अलेक्झांडर हेन्री १७६१ मध्ये ह्युरॉन व मिशिगन या सरोवरांच्या सामुद्रधुनीवरील मिशिलिमॅकिनॅक येथे पोहोचला. १८०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याने तेथील हिवाळी मासेमारीचे वर्णन केले आहे. बर्फातील छिद्रांतून आमिष लावलेल्या दोऱ्या सोडून ट्राउट मासे पकडले जात. या दोऱ्या काही वेळा अनेक दिवस तशाच ठेवल्या जात आणि काही ठिकाणी त्या ५० फॅदम, म्हणजे सुमारे ९० मीटर खोल सोडलेल्या असत. एवढ्या खोलीवर उघड्या पाण्यात दोरी सोडण्यासाठी नाव अपरिहार्य ठरली असती. येथे ते काम बर्फानेच केले होते.

वॉल्डनचे साक्ष्य

अल्पखर्ची हिवाळी मासेमारीचे सर्वांत बोलके चित्र हेन्री डेव्हिड थोरो याच्या १८५४ मधील 'वॉल्डन' या ग्रंथात आढळते. सविनय कायदेभंगाच्या विचारामुळे थोरो भारतीय वाचकांना परिचित आहे. दुर्गाबाई भागवत यांनी या ग्रंथाचा मराठी अनुवादही केला आहे. मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कॉर्डजवळच्या वॉल्डन तळ्याच्या हिवाळ्यावर ग्रंथात स्वतंत्र प्रकरण असून त्यात पहाटे बर्फावर येणाऱ्या मासेमारांचे निरीक्षण नोंदविले आहे.

त्यातील एका मासेमाराची युक्ती विशेष लक्षणीय आहे. त्याने बर्फातील अरुंद छिद्रांवर आल्डर झाडाच्या फांद्या ठेवल्या होत्या. दोरीचे टोक काठीला बांधून तिचा सैल भाग फांदीच्या डहाळीवरून फूटभर उंच घेतला होता आणि त्याला ओकचे वाळलेले पान बांधले होते. मासा आमिषाला लागला की पान खाली ओढले जाई आणि दुरूनच त्याची सूचना मिळे. आज बाजारात मिळणाऱ्या, मासा लागताच निशाण उभे करणाऱ्या साधनाचे तत्त्व हेच आहे. आमिषासाठीही त्याला पैसा लागला नाही. भर हिवाळ्यात कुजक्या ओंडक्याच्या पोटात अळ्या कोठे मिळतात हे त्याला ठाऊक होते. अशा माणसाचे ज्ञान पुस्तकी निसर्गअभ्यासकाच्या ज्ञानाहून खोल असते, हा थोरोचा अभिप्राय येथे महत्त्वाचा आहे. भांडवलाची जागा ज्ञानाने घेतली होती.

थोरोने स्वतः १८४६ च्या प्रारंभी, बर्फ वितळण्यापूर्वी, वॉल्डन तळ्याची खोली मोजली. त्यासाठी त्याने कॉड माशासाठी वापरली जाणारी दोरी आणि सुमारे दीड पौंडाचा दगड एवढीच सामग्री वापरली. शंभराहून अधिक ठिकाणी मोजमाप करून त्याने सर्वाधिक खोली १०२ फूट असल्याचे नोंदविले. लोक ज्या तळ्याला अथांग मानीत होते, त्याचा तळ एका दोरीने आणि दगडाने सापडला. तळाचा उतार व खळगे शोधणे हे मासेशोधक यंत्राचे एक मुख्य कार्य आहे. ते कार्य साध्या सामग्रीनेही साधते, याचा हा पुरावा होय.

साधनांचे यांत्रिकीकरण

विसाव्या शतकात या चित्रात बदल झाला. लोखंडी पहारीने बर्फ फोडण्याऐवजी हातगिरमिटाने गोल छिद्र पाडणे सोयीचे ठरले. स्वीडनमधील मोरा हे गाव अशा गिरमिटांसाठी प्रसिद्धीस आले. दुसऱ्या महायुद्धानंतर पेट्रोलवर चालणाऱ्या गिरमिटांचा प्रसार झाला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मासेमारांना परवडतील अशी ध्वनिलहरींची लहान यंत्रे बाजारात आली आणि १९५९ पासून कॅनडात तयार झालेल्या हलक्या बर्फवाहनांनी दूरचे बर्फ जवळ आणले. १९८० च्या दशकात मिनेसोटातील डेव्ह गेन्झ यांनी घसरगाडीवर बसविलेला, क्षणात उलगडणारा कापडी निवारा लोकप्रिय केला. एका जागी बसून राहण्याऐवजी छिद्रामागून छिद्र बदलत माशांचा माग काढण्याची पद्धत त्यामुळे रूढ झाली. अलीकडील काळात बॅटरीवरील गिरमिटे आणि पाण्याखालचे प्रत्यक्ष चित्र दाखविणारी यंत्रे यांची भर पडली आहे.

या बदलांनी श्रम वाचले व यशाची शक्यता वाढली, हे मान्य केले पाहिजे. परंतु या प्रत्येक साधनाने जुने साधन निरुपयोगी ठरविले, असे म्हणता येत नाही. आजही पायी जाणाऱ्या नवागताला पहार किंवा हातगिरमीट, दोन-अडीच फुटांची आखूड काठी, बारीक दोरी, काही लहान गळ व अळ्या, छिद्रातील बर्फाचा चुरा काढण्यासाठी जाळीदार झारा आणि बसण्यासाठी पालथी घातलेली बादली एवढी सामग्री पुरेशी होते. हीच बादली येताना सामान आणि जाताना मासे वाहते. यांपैकी बहुतेक वस्तू घरात असतात किंवा जुन्या मिळतात. फक्त दोन बाबतींत काटकसर करता येत नाही : अंगावरील उबदार, कोरडे कपडे आणि सुरक्षिततेची साधने. बर्फ फुटून पाण्यात पडल्यास त्यात रोवून वर येण्यासाठी गळ्यात अडकविलेले दोन टोकदार खिळे, दोरी आणि सोबतीला अनुभवी माणूस ही त्यांतील किमान सामग्री होय.

येथे पहारीचे स्थान पुन्हा तपासणे आवश्यक आहे. पायी चालणारा माणूस प्रत्येक काही पावलांवर पुढील बर्फावर पहार आपटतो आणि बर्फाच्या आवाजावरून व प्रतिकारावरून त्याची जाडी ओळखतो. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या मार्गदर्शनानुसार पायी जाण्यासाठी किमान ४ इंच, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर, नवा व पारदर्शक बर्फ आवश्यक असतो; पांढरट, हिममिश्रित बर्फासाठी ही जाडी दुप्पट धरावी लागते. वाहनाला याहून बराच जाड बर्फ लागतो, आणि वाहनावरून वेगाने जाणाऱ्याला पावलागणिक तपासणी करणे शक्य नसते. सर्वांत स्वस्त साधन हे सर्वांत सावध साधनही होते, ही गोष्ट यांत्रिकीकरणाच्या गौरवात दुर्लक्षित राहिली आहे.

हक्काचा प्रश्न

साधने स्वस्त असली तरी पाण्यावर जाण्याचा हक्क नसेल, तर ती व्यर्थ ठरतात. या संदर्भात दोन उदाहरणे उद्बोधक आहेत. फिनलंडमध्ये बर्फावरून लहान काठीने गळ हालवून मासे पकडण्याच्या पद्धतीस 'पिल्की' म्हणतात. तेथील बरेचसे जलक्षेत्र खाजगी मालकीचे असूनही १९९७ पासून साधा गळ आणि पिल्की यांसाठी कोणतेही शुल्क द्यावे लागत नाही. काही संरक्षित जलप्रवाह वगळता हा हक्क सर्वांना आहे. २०१६ मध्ये लागू झालेल्या नव्या मत्स्यव्यवसाय कायद्यातही तो कायम राहिला. गरीब माणसाच्या गळाला कायद्याने दिलेली ही मान्यता होय.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील आहे. १८३७ च्या करारान्वये ओजिब्वे लोकांनी आजच्या मिनेसोटा व विस्कॉन्सिन राज्यांतील विस्तीर्ण भूप्रदेश दिला. मात्र त्या प्रदेशात शिकार व मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. मिल लॅक्स या सरोवराच्या परिसरातील हा हक्क पुढे राज्य शासनाने अमान्य केला. अखेर १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी तो हक्क अबाधित असल्याचा निर्णय दिला. ज्या समाजाच्या कौशल्यातून या प्रदेशातील बर्फाखालची मासेमारी घडली, त्यालाच तेथील माशांवरील आपला हक्क सिद्ध करण्यास दीड शतकाहून अधिक काळ लागला. कमी खर्चाची परंपरा केवळ साधनांनी टिकत नाही. तिला हक्काचा आधार लागतो, असा बोध या दोन उदाहरणांतून मिळतो.

विरघळणारा आधार

साधने आणि हक्क यांच्याही आधीची अट म्हणजे बर्फ. त्याच्या नोंदींचा इतिहास मोठा रंजक आहे. जपानमधील सुवा सरोवर गोठल्याची नोंद तेथील शिंतो पुरोहितांनी १४४३ पासून ठेवली. फिनलंड व स्वीडन यांच्या सीमेवरील तोर्ने नदीचा बर्फ फुटण्याच्या नोंदी १६९३ पासून आहेत. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर गोलार्धातील सरोवरे व नद्यांच्या १८४६ ते १९९५ या काळातील नोंदींचा विचार करण्यात आला. गोठण्याची तारीख दर शतकास सरासरी ५.८ दिवसांनी पुढे गेल्याचे आणि बर्फ फुटण्याची तारीख ६.५ दिवसांनी अलीकडे आल्याचे त्यात आढळले. २०१९ मधील एका अभ्यासानुसार सुमारे १४,८०० सरोवरे आता दर हिवाळ्यात गोठतीलच अशी खात्री उरलेली नाही. जागतिक तापमान २ अंशांनी वाढल्यास ही संख्या सुमारे ३५,३०० वर जाईल. फेब्रुवारी २०२४ मध्ये, बर्फाचे प्रमाण एरवी वाढलेले असते त्या काळात, पंच महासरोवरांचा केवळ २.७ टक्के पृष्ठभाग गोठलेला होता.

या आकड्यांचा अर्थ सर्वांसाठी सारखा नाही. ज्याच्याजवळ नाव आहे तो उघड्या पाण्यातही मासेमारी करील. ज्याच्याजवळ वाहन आहे तो अधिक उत्तरेकडील बर्फापर्यंत जाईल. जवळच्या तळ्यावर पायी जाणाऱ्या माणसासमोर मात्र दोनच पर्याय उरतात : काठावर थांबणे किंवा भरवसा नसलेल्या बर्फावर पाऊल टाकणे. पिढ्यान्‌पिढ्या शिकलेले बर्फाचे ज्ञानही अशा वेळी अपुरे पडते. कारण अमुक आठवड्यात अमुक ठिकाणचा बर्फ धरतो, हा अनुभव ऋतूच्या नियमिततेवर उभा असतो.

समारोप

बर्फावरील गळाच्या मासेमारीत प्रवेश करण्यासाठी मोठे भांडवल लागते, हा समज इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. ओजिब्वे शिकाऱ्याचा लाकडी मासा, मिशिलिमॅकिनॅकची खोल सोडलेली दोरी आणि वॉल्डनच्या मासेमाराचे वाळलेले पान ही साधने अभावातून जन्मली. पण ती अपुरी नव्हती. बाजाराने त्यांना पर्याय दिले, तरी पहार, आखूड काठी आणि बादली घेऊन निघालेला आजचा नवागत त्याच परंपरेत उभा आहे. त्याचा खरा खर्च पैशाचा नसून निरीक्षणाचा व सावधपणाचा आहे.

तथापि ही परंपरा साधने, हक्क आणि बर्फ या तीन आधारांवर उभी होती. त्यांपैकी साधने अजूनही माणसाच्या हाती आहेत आणि हक्कासाठी कायद्याचा मार्ग उपलब्ध आहे. तिसरा आधार मात्र गळ टाकणाऱ्याच्या हाती नाही. नाव नसलेल्या माणसाला निसर्गाने दर हिवाळ्यात विनामूल्य दिलेली नाव आता कधी येईल आणि किती दिवस टिकेल, याची शाश्वती राहिलेली नाही. हवामानबदलाच्या सामाजिक परिणामांचा विचार करताना या लहानशा, अल्पखर्ची परंपरेच्या हानीचीही नोंद इतिहासाने घेणे आवश्यक आहे.