रक्तशर्करेचे मापन : प्रयोगशाळेतून रुग्णाच्या हाती

जैवसंवेदकाचा इतिहास बहुधा शोधांच्या अनुक्रमाने सांगितला जातो : एक उपकरण मागे पडले, त्याहून अचूक असे दुसरे पुढे आले. मधुमेहातील रक्तशर्करेच्या मापनाचा वृत्तान्त पाहिला असता मात्र या अनुक्रमाच्या मुळाशी आणखी एक प्रश्न असल्याचे दिसून येते. मोजलेला आकडा कोणाच्या हाती असावा, हा तो प्रश्न होय.

एखादा जैव पदार्थ, बहुधा एंझाइम, आणि त्याच्या विक्रियेचे विद्युत्-संकेतात रूपांतर करणारे साधन यांच्या संयोगास जैवसंवेदक म्हणतात. लेलंड क्लार्क यांनी १९५६ मध्ये रक्तातील ऑक्सिजन मोजणाऱ्या पटलवेष्टित विद्युत्-अग्राचे वर्णन प्रसिद्ध केले. १९६२ मध्ये त्यांनी व चँप लायन्स यांनी त्या अग्रावर ग्लुकोज ऑक्सिडेझ हे एंझाइम पटलांमध्ये धरून ठेवण्याची कल्पना मांडली. हे एंझाइम ग्लुकोजची ऑक्सिजनशी विक्रिया घडविते. तेव्हा खर्च झालेल्या ऑक्सिजनावरून ग्लुकोजचे प्रमाण काढता येते. १९६७ मध्ये अपडाइक व हिक्स यांनी एंझाइम जेलमध्ये स्थिर करून ही कल्पना व्यवहार्य केली. १९७५ मध्ये या तत्त्वावरील विश्लेषक बाजारात आला. परंतु तो प्रयोगशाळेचा होता.

या काळात घरी राहणाऱ्या रुग्णापाशी लघवीची परीक्षा एवढेच साधन होते. रक्तातील शर्करा सामान्यतः १०० मिलिलिटरमागे १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यावरच ती लघवीत उतरते. त्यामुळे ही परीक्षा मागील काही तासांचीच स्थिती सांगे, आणि शर्करा धोकादायक रीतीने उतरल्याचे तर मुळीच सांगू शकत नसे. रंग बदलणारी रक्तपरीक्षेची पट्टी १९६५ च्या सुमारास आली, व पुढे तो रंग वाचणारे यंत्रही आले. पण ते वैद्यकीय व्यावसायिकांनाच विकले जाई. रिचर्ड बर्नस्टाइन या मधुमेही अभियंत्याने ते आपल्या डॉक्टर पत्नीच्या नावे मिळविले व स्वतःवर मापन करून इन्शुलिनची मात्रा ठरविण्यास आरंभ केला. पुढे ते स्वतः वैद्यक शिकून डॉक्टर झाले. १९७८ मध्ये ब्रिटनमधील दोन गटांनी, रुग्ण घरी विश्वसनीय मापन करू शकतात, असे 'लॅन्सेट' नियतकालिकात दाखवून दिले.

घरगुती मापनास एंझाइम-अग्र उपयोगी पडावे यासाठी ऑक्सिजनवरील अवलंबन टाळणे आवश्यक होते. १९८४ मध्ये ऑक्सफर्ड व क्रॅनफील्ड येथील संशोधकांनी एंझाइमपासून अग्रापर्यंत इलेक्ट्रॉन वाहून नेण्याचे काम फेरोसीनच्या अनुजातांकडून करविले. १९८७ मध्ये त्यावर आधारलेला लेखणीएवढा मापक विक्रीस आला. अशा मापनाचे मोल १९९३ मध्ये स्पष्ट झाले. १,४४१ रुग्णांवरील अमेरिकी-कॅनेडियन चाचणीत काटेकोर नियंत्रणाच्या गटाने दिवसातून किमान चार वेळा मापन केले. पूर्वी दृष्टिपटल निरोगी असलेल्यांत त्याच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. रुग्णास आकडा कळला नसता, तर इन्शुलिनची मात्रा इतक्या वेळा बदलणे शक्यच नव्हते.

तरीही जुना प्रश्न नव्या रूपात परतला. १९९९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला त्वचेखालील अखंड संवेदक सुमारे तीन दिवसांची नोंद करी. परंतु आकडे त्या वेळी रुग्णास दिसत नसत, ते नंतर डॉक्टर पाहत. रुग्णास तत्क्षणी आकडे दाखविणारी साधने पुढील दशकात आली. २०२४ मध्ये इन्शुलिन न घेणाऱ्या प्रौढांसाठी डॉक्टरच्या चिठ्ठीविना असा संवेदक विकण्यास तेथे परवानगी मिळाली.

म्हणून या इतिहासात १९६२ आणि १९८४ या वर्षांइतकेच १९७८ हे वर्ष महत्त्वाचे ठरते. पहिल्या दोहोंनी आकडा कसा मिळवावा हे दाखविले. तिसऱ्याने तो वापरण्याची योग्यता रुग्णाच्या ठायी आहे, हे सिद्ध केले.