राफेलचं रडार बनवणारी ‘थेल्स’ आली कुठून? आणि तिचं नागपूर-माझगावशी नातं काय?

नारायणगावहून खोडदकडे गेलं की शेतांच्या पलीकडे जीएमआरटीच्या अवाढव्य तबकड्या दिसू लागतात. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या या परिसरात पसरल्या आहेत. त्या स्वतः काहीच पाठवत नाहीत, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी फक्त ऐकतात. सगळ्यांचे सिग्नल ऑप्टिकल फायबरने एकत्र आणून जोडले की ३० तबकड्या मिळून एका मोठ्या दुर्बिणीसारखं काम करतात.

लढाऊ विमानाच्या नाकात जवळपास हीच युक्ती असते, फक्त ती हाताच्या अंतरात मावते. राफेलच्या ‘आरबीई-२’ रडारमध्ये शेकडो छोटे मॉड्यूल आहेत. प्रत्येक मॉड्यूल लहर पाठवतो आणि परत आलेली ऐकतोही. रडारचा झोत वळवायला अँटेना हलवावी लागत नाही, लहरींच्या वेळा किंचित मागेपुढे केल्या की झोत वळतो. हे रडार बनवते फ्रान्सची ‘थेल्स’.

नाव ग्रीक, मूळ अमेरिकन

एलिहू थॉमसन या संशोधकाच्या अमेरिकन वीज कंपनीची फ्रेंच शाखा १८९३ मध्ये सुरू झाली, थेल्सची एक मुळी तिथली. दुसरी मुळी म्हणजे १९१८ मध्ये बिनतारी संदेशासाठी निघालेली ‘सीएसएफ’. या गटाच्या अभियंत्यांनी १९३५ मध्ये ‘नॉर्मंडी’ या प्रवासी जहाजावर समोरचा अडथळा ओळखणारं रेडिओ यंत्र बसवलं होतं. ‘रडार’ हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता.

१९६८ मध्ये दोन्ही प्रवाह मिळून ‘थॉमसन-सीएसएफ’ झाली. भारताच्या मिराज-२००० विमानांची रडार याच कंपनीची. १९८२ मध्ये मितराँ सरकारने तिचं राष्ट्रीयीकरण केलं, नव्वदच्या दशकाच्या शेवटी सरकारने हिस्सा कमी केला. ब्रिटनची ‘रेकल’ विकत घेतल्यावर, २००० च्या अखेरीस ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावरून ‘थेल्स’ हे नाव आलं. (फ्रेंच माणूस उच्चार ‘तालेस’ असा करतो.) २०१९ मध्ये तिने सिमकार्ड आणि बँक कार्डांच्या चिपसाठी प्रसिद्ध असलेली ‘जेमाल्टो’ घेतली. म्हणजे लढाऊ विमानापासून खिशातल्या मोबाइलपर्यंत एकच कंपनी.

आजही तिचा सुमारे चतुर्थांश हिस्सा फ्रेंच सरकारकडे, तर जवळपास तेवढाच राफेल बनवणाऱ्या दासोकडे आहे. त्यामुळे तिला साधी खासगी कंपनी समजणं चूक ठरेल.

डागही आहेत. तैवानला १९९१ मध्ये फ्रिगेट जहाजं विकण्याच्या करारात कमिशन न देण्याची अट होती. ती मोडल्याबद्दल आंतरराष्ट्रीय लवादाने २०१० मध्ये सुमारे ६३ कोटी युरो भरपाईचा आदेश दिला. यातला मोठा वाटा फ्रेंच सरकारलाच, म्हणजे तिथल्या करदात्यांना, उचलावा लागला.

महाराष्ट्राला काय मिळालं?

मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांवर थेल्सचं सोनार आहे. यातली पहिली ‘आयएनएस कलवरी’ डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आली.

नागपूरची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. २०१६ च्या ३६ राफेलच्या करारात ‘ऑफसेट’ची अट होती: कराराच्या किमतीच्या ५० टक्क्यांइतकं काम किंवा गुंतवणूक भारतात आणायची. त्या पार्श्वभूमीवर २०१७ मध्ये थेल्स आणि रिलायन्सची संयुक्त कंपनी स्थापन झाली, रिलायन्स ५१ टक्के, थेल्स ४९ टक्के. तिचा प्रकल्प मिहानमध्ये. रडार आणि इलेक्ट्रॉनिक युद्धप्रणालीचे भाग जोडणं, तपासणं हे तिचं काम ठरलं.

जोडणीतून रोजगार येतो, कौशल्यही येतं. पण नवं शस्त्र बसवायचं असेल तर रडारच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करावा लागतो, आणि त्याची किल्ली मूळ कंपनीकडेच राहते. म्हणूनच डीआरडीओची बंगळूरची प्रयोगशाळा तेजससाठी ‘उत्तम’ हे स्वदेशी रडार विकसित करत आली आहे. तेही याच शेकडो मॉड्यूलच्या तत्त्वावर चालतं.