पाहावयास कोण शिकवतो?



कामगार-संघटनेच्या कामात ज्याचे केस पिकले, अशा माणसाने वसंत व्याख्यानमालेत छायाचित्रकलेच्या इतिहासावर बोलावे, हे आपणांपैकी काहींस चमत्कारिक वाटेल. आम्ही कोणत्याही कलाशाळेचे विद्यार्थी नव्हे. आमचे शिक्षण रात्रशाळेत, गावच्या वाचनालयात आणि गेटसभांत झाले. कॅमेरा हाती आला तोही संघटनेच्या पत्रकात चार चित्रे छापता यावीत म्हणून. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला, आणि त्याला कारण एक प्रश्न आहे.

आमच्या कचेरीत एक तरुण येतो. बाप यंत्रमागावर, आई कांड्या भरते, पोरगा कॉलेजात शिकतो. त्याला छायाचित्रणाचा नाद आहे. एके दिवशी तो म्हणाला, “काका, मोठमोठ्या लोकांचे फोटो बघत बसलो, तर माझी स्वतःची नजर मरणार नाही का? मग मी त्यांच्यासारखंच काढत बसेन.”

प्रश्न साधा आहे, पण उत्तर साधे नाही. त्या मुलाला जे सांगावयाचे राहिले, ते आज आपल्यासमोर मांडावे असा विचार आहे. त्यासाठी एका गुरूची आणि एका शिष्याची हकीकत सांगतो. दोघेही न्यूयॉर्कचे. गुरूचे नाव लुइस हाइन, शिष्याचे पॉल स्ट्रँड.

प्रथम गुरूकडे वळू. हाइनचा जन्म १८७४ चा, विस्कॉन्सिन प्रांतातील ऑशकॉश गावचा. वडील वारल्यावर कोवळ्या वयातच त्याला कारखान्यात काम धरावे लागले. तेथून धडपडत तो शिक्षक झाला आणि १९०१ साली न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर स्कूल या शाळेत शिकवावयास आला. कॅमेरा त्याने हाती घेतला तो शाळेच्याच कामासाठी. पुढे एलिस बेटावर युरोपातून येऊन उतरणाऱ्या गोरगरिबांची चित्रे त्याने काढली आणि १९०८ साली शिक्षकी सोडून बालमजुरीविरुद्ध झगडणाऱ्या राष्ट्रीय समितीचे काम पत्करले.

हे काम कसे चाले ते ऐकण्यासारखे आहे. गिरणीमालक छायाचित्रकाराला आत घेत ना. मग हाइन कधी बायबल विकणारा बने, कधी आगीचा बंदोबस्त तपासणारा अधिकारी, तर कधी यंत्रांची चित्रे काढावयास आलेला धंदेवाईक. मुलाची उंची मोजावयाची ती स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांवरून. कोणती गुंडी जमिनीपासून किती उंचीवर आहे हे त्याला पाठ होते. खिशातल्या खिशात तो टिपण करी. दक्षिण कॅरोलिनातील लँकेस्टर गावच्या कापडगिरणीत १९०८ च्या नोव्हेंबरात त्याने एका मुलीचे चित्र घेतले. चात्यांची लांबच लांब रांग, आणि त्या रांगेपाशी ती उभी. चित्राबरोबर नोंद आहे: नाव सेडी फायफर, उंची ४८ इंच, कामावर लागून अर्धे वर्ष झाले. अशी पाच हजारांहून अधिक चित्रे आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवलेली आहेत, आणि ती घरबसल्या मोबाइलवरही पाहता येतात.

आपल्या मुंबईच्या गिरण्यांची गोष्ट यापेक्षा फार निराळी नव्हती. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी झाली, १८९१ साली ही मर्यादा नऊ वर्षांवर गेली. सात वर्षांखालील मुलांना बंदी करणारा कायदा करावा लागला, यावरूनच काय ते समजावे.

आता शिष्याची गोष्ट. पॉल स्ट्रँड १८९० चा. तो याच शाळेत शिकत होता, आणि हाइनच्या हाताखाली छायाचित्रण शिकला. १९०७ च्या सुमारास हाइन आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन फिफ्थ ॲव्हेन्यूवरील २९१ क्रमांकाच्या घरात गेला. तेथे आल्फ्रेड स्टीग्लिट्झ या नामांकित छायाचित्रकाराचे छोटेसे कलादालन होते. स्टीग्लिट्झ, गर्ट्रूड केसेबियर, क्लॅरेन्स व्हाइट यांची आणि त्यापूर्वीच्या हिल, कॅमेरन यांसारख्या जुन्या मंडळींची चित्रे स्ट्रँडने तेथे पाहिली. बाहेर पडतानाच, आपण छायाचित्रकार व्हावयाचे, असे त्याच्या मनाने घेतले.

येथे गुरूची थोरवी आपण ध्यानात घ्यावी. हाइनची वाट वेगळी होती. त्याला चित्र हवे होते ते कायदेमंडळापुढे आणि लोकांपुढे ठेवावयास. स्टीग्लिट्झचा पंथ केवळ कलेचा. तरीदेखील आपला विद्यार्थी दुसऱ्याच्या दारी नेऊन सोडावयास तो कचरला नाही. ‘माझेच पाहा’ असे म्हणणारे शिक्षक आपण पुष्कळ पाहिले आहेत. ‘त्याचेही पाहा’ म्हणणारा विरळा.

मग काय झाले? त्या तरुणाला जी भीती वाटते, नेमके तेच झाले. स्ट्रँड नक्कल करू लागला. त्या काळी मऊ भिंगाची मोठी चलती होती. त्या भिंगातून चित्र धूसर, स्वप्नाळू दिसे, रंगवलेल्या चित्राशी नाते सांगे. १९०९ साली शाळा सोडल्यापासून पुढली कित्येक वर्षे स्ट्रँड तशीच चित्रे काढीत होता. देखणी चित्रे, पण ती कोणाचीही असू शकली असती.

त्याला सोडवले कोणी? नव्या चित्रांचे बाड घेऊन तो अधूनमधून स्टीग्लिट्झकडे जाई. स्टीग्लिट्झने त्याला स्पष्ट सांगितले की, या मऊ भिंगाने सगळेच एकसारखे दिसते. गवत, पाणी, झाडाची साल यांत भेदच उरत नाही. म्हणजे ज्यांची चित्रे पाहून स्ट्रँड नकलेत अडकला, त्यांच्यातल्याच एकाने त्याला नकलेतून बाहेर काढले. याच दालनात पिकासो, सेझान यांचीही चित्रे लागत. स्ट्रँडने तीही अभ्यासली. १९१६ च्या उन्हाळ्यात कनेटिकटमधील ट्विन लेक्स येथे त्याने साधी भांडी आणि कठड्याच्या सावल्या यांची चित्रे घेतली. चौकटीत आकार कसे बसतात, एवढेच समजून घेण्यासाठी. गवई पलट्यांचा रियाज करतो, तसाच हा रियाज होता.

त्याआधीच, १९१५ साली, त्याने ‘वॉल स्ट्रीट’ हे चित्र काढले होते. मॉर्गनच्या पेढीची प्रचंड भिंत, तिच्यात अजस्र काळ्या खिडक्या, आणि खालून सकाळच्या उन्हात लांब सावल्या टाकीत जाणारी मुंगीएवढी माणसे. या चित्रात आकारांची जाण स्टीग्लिट्झच्या दालनातली आहे. पण भिंतीखालच्या माणसाकडे लक्ष जावे, ही खोड आम्हांस तरी हाइनच्या वर्गातली वाटते. दोन गुरू एका चित्रात भेटले, आणि जे निघाले ते दोघांचेही नव्हते. ते स्ट्रँडचे होते. स्टीग्लिट्झने आपल्या ‘कॅमेरा वर्क’ या नियतकालिकाचा १९१७ चा शेवटचा जोडअंक एकट्या स्ट्रँडच्या चित्रांना दिला.

त्या अंकात एका अंध स्त्रीचे चित्र आहे, १९१६ चे. गळ्यात ‘अंध’ अशा अक्षरांची पाटी, वर फेरीवाल्याच्या परवान्याचा बिल्ला, एक डोळा मिटलेला. हे चित्र घेताना स्ट्रँडने कॅमेऱ्याच्या बाजूला एक खोटे भिंग बसवले होते, जेणेकरून लोकांना वाटावे की हा माणूस दुसरीकडेच रोखून पाहतो आहे. चित्र थोर आहे. पाहिल्यावर विसरता येत नाही. पण बंधुभगिनींनो, त्या बाईचे नाव चित्राबरोबर आलेले नाही. सेडीचे नाव, उंची, चाकरी सारे आपणांस ठाऊक आहे. या बाईची मात्र पाटी तेवढी ठाऊक आहे. हाइननेही सोंगे घेतली, पण ती मालकाला फसवावयास. शिष्याने हुलकावणी दिली ती लोकांनाच.

हे इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण आमच्या स्वतःच्या पापात आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या गावी एका कामगाराची उजव्या हाताची दोन बोटे यंत्रमागाच्या पट्ट्यात गेली. नुकसानभरपाईसाठी भांडण चालू होते. आम्ही कॅमेरा घेऊन गेलो, बँडेज बांधलेल्या हाताचे अगदी जवळून चित्र घेतले आणि पत्रकाच्या पहिल्या पानावर मोठे छापले. लोक हळहळले. आम्हांस धन्यता वाटली. आठ दिवसांनी तो कामगार कचेरीत आला, पत्रक टेबलावर ठेवले आणि म्हणाला, “अण्णा, बोटं गेली ती माझीच. पण तोंडही माझंच हाय की. ते कुठं गेलं?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. काही महिन्यांनी वाचनालयात हाइनची चित्रे पाहावयास मिळाली आणि उत्तर सापडले. मान मात्र खाली गेली. त्या मुलांपैकी कोणीही नुसता हात नाही, नुसती जखम नाही. समोर उभे राहून ती आपल्याकडे पाहतात. पुढल्या अंकात आम्ही त्या कामगाराचे दुसरे चित्र छापले: मागाशेजारी उभा, चेहरा समोर, खाली नाव, वय, किती वर्षे मागावर. भरपाई त्या चित्राने मिळाली असे म्हणण्याचा खोटेपणा आम्ही करणार नाही. ती तारखांवर तारखा घेऊन मिळाली. पण त्याने ते पान घरी नेले.

अमेरिकेतही नुसत्या चित्रांनी कायदा झाला नाही. १९१६ साली बालमजुरीविरुद्ध केंद्रीय कायदा झाला, तो १९१८ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. टिकाऊ कायदा व्हावयास १९३८ साल उजाडले. पुढे दोनच वर्षांनी, १९४० साली, हाइन वारला. कफल्लक होऊन, राहते घरही गमावून. ‘फोटो लीग’ या न्यूयॉर्कच्या छायाचित्रकार मंडळाने त्याचा संग्रह सांभाळला. त्या मंडळावर १९४७ साली सरकारने देशविघातक म्हणून शिक्का मारला, आणि १९५१ साली ते मोडले.

शिष्याचे पुढे काय झाले? १९३० नंतरच्या दशकात स्ट्रँड मेक्सिकोला गेला आणि कोळ्यांच्या लढ्यावरील ‘रेदेस’ हा चित्रपट त्याने साकार केला. १९४२ च्या ‘नेटिव्ह लँड’ या चित्रपटात कामगार-संघटना फोडण्यासाठी मालकांनी चालवलेली हेरगिरी आणि मारहाण दाखवली आहे. त्याचे निवेदन पॉल रोबसनच्या आवाजात आहे. १९५० साली तो फ्रान्सला गेला. आणि १९५३ साली, साठी उलटल्यावर, इटलीतील लुझारा या गावी जाऊन त्याने गावकऱ्यांची चित्रे काढली. त्यांतले एक जगप्रसिद्ध आहे: दारात उभी आई, भोवती तिचे पाच मुलगे, एक सायकल. लपवाछपवी नाही, खोटे भिंग नाही. १९५५ साली हे पुस्तक निघाले, तेव्हा चेझारे झावातिनीने लिहिलेल्या मजकुरात चित्रांतली माणसे स्वतःच्या तोंडाने आपली हकीकत सांगत होती. सुमारे पंचेचाळीस वर्षांनी शिष्य गुरूच्या वर्गात परत येऊन बसला, असे आम्हांस वाटते.

आणि त्या अंध स्त्रीचे चित्र? ते १९२९ च्या आसपास न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयात वॉकर एव्हन्स या तरुणाने पाहिले. ‘कॅमेरा वर्क’चे अंक चाळताना इतर बहुतेक चित्रे त्याला नटवी वाटली, या एका चित्रापाशी तो थांबला. १९३८ ते १९४१ या काळात त्याने भुयारी रेल्वेतल्या उतारूंची चित्रे घेतली, कॅमेरा कोटाखाली दडवून, भिंग दोन गुंड्यांच्या फटीतून बाहेर काढून. हाइनच्या कोटाच्या गुंड्या मुलांची उंची मोजीत होत्या. एव्हन्सच्या कोटाच्या गुंड्या डोळा लपवीत होत्या. ती चित्रे पुस्तकरूपाने यावयास १९६६ साल लागले. गुरूचे सारेच शिष्याने उचलावे असे नाही. आणि काय उचलले, त्याचा जाब शिष्यालाच द्यावा लागतो.

तेव्हा त्या तरुणाला आमचे उत्तर असे. बाबा रे, मोठ्यांची चित्रे अवश्य पाहा. एकाचीच पाहिलीस तर त्याची सावली होशील. दहांची पाहिलीस तर त्यांची तुझ्या डोक्यात भांडणे लागतील, आणि त्या भांडणाचा निवाडा करता करता तुझी नजर तयार होईल. पहिली काही वर्षे नक्कल होईल, तिची लाज बाळगू नकोस. स्ट्रँडलाही ती चुकली नाही. पण प्रत्येक चित्रापुढे दोन प्रश्न विचार. हे कसे काढले? हा प्रश्न हाताला शिकवील. आणि ज्याचे काढले, त्याला विचारून काढले का, त्याचे नाव कोठे आहे? हा दुसरा प्रश्न कोणत्याही भिंगाबरोबर मिळत नाही. आम्हांस तो दोन बोटे गमावलेल्या एका माणसाने शिकवला. तोही आमचा गुरूच.