जपानसाठी एक गाणे जादा

हेवी मेटलच्या चाहत्यांत ‘जपानी आवृत्ती’ या शब्दांना एकेकाळी फार वजन होते. अल्बम तोच, गायक तोच, मुखपृष्ठही तेच. फक्त शेवटी एक गाणे जादा, आणि ते लंडन-न्यूयॉर्कच्या दुकानांत सहजी मिळायचे नाही. ही प्रथा कलावंतांच्या औदार्यातून जन्मली असा समज गोड असला तरी खरा नाही. ती जन्मली किमतीच्या गणितातून. जपानमध्ये पुस्तके आणि ध्वनिमुद्रिका यांची किरकोळ किंमत कंपनी ठरवत असे आणि दुकानदाराला ती उतरवता येत नसे; मक्तेदारीविरोधी कायद्यात 1953 साली झालेल्या दुरुस्तीने ही मुभा दिली होती. परदेशातून आलेल्या मालाला मात्र हे बंधन नव्हते. 1980 च्या सुमारास टॉवर रेकॉर्ड्सची दुकाने जपानात उघडली, 1985 च्या प्लाझा करारानंतर येन वधारला, आणि अमेरिकेतून आयात केलेला अल्बम स्वस्त, तर घरी छापलेला तोच अल्बम महाग, अशी उफराटी अवस्था झाली. गिऱ्हाइकाने जास्त पैसे का मोजावेत, याचे उत्तर जपानी कंपन्यांना द्यावे लागले. गाण्यांच्या शब्दांचे भाषांतर, कडेला गुंडाळलेली ‘ओबी’ ही कागदी पट्टी, आणि एक जादा गाणे, हे ते उत्तर.

अर्थात जपानी श्रोत्याला काही वेगळे द्यायचे, ही रीत त्याआधीची. डीप पर्पलचा ‘मेड इन जपान’ हा 1972 च्या ऑगस्टमध्ये ओसाका आणि तोक्योत मुद्रित झालेला अल्बम मुळात फक्त जपानच्या बाजारासाठी योजलेला होता. ज्युडास प्रीस्टच्या 1979 च्या ‘अनलीश्ड इन द ईस्ट’ला जपानात ‘प्रीस्ट इन द ईस्ट’ असे नाव मिळाले आणि सोबत चार गाण्यांची एक छोटी तबकडी मिळाली. ती चार गाणी पुढे सीडीच्या काळात जगभरच्या आवृत्तीत सामावली गेली. सीडीने तर या प्रथेला मोकळे रानच दिले. जुन्या तबकडीच्या दोन्ही बाजूंवर मिळून साधारण पाऊण तास मावत असे, सीडीवर 74 मिनिटे. उरलेली जागा रिकामी ठेवणे कुठल्याच व्यापाऱ्याला परवडत नाही.

जन्म असा व्यापारी, म्हणून समीक्षक जादा गाण्यांकडे भाजीवाल्याने वर टाकलेल्या कोथिंबिरीच्या काड्यांसारखे पाहतात. निदान एका प्रकारच्या अल्बमांच्या बाबतीत मला हे साफ चूक वाटते. मोठ्या बँडचा गायक एकट्याच्या नावाने अल्बम काढतो तेव्हा जादा गाणी हाच पुष्कळदा त्या अल्बमचा खरा इतिहास असतो. गायकाचे काय आणि बँडचे काय, ही वाटणी अल्बमच्या यादीत पुसली गेलेली असते. जादा गाण्यांत ती शिल्लक राहते. ब्रूस डिकिन्सनचे उदाहरण यासाठी सर्वांत उघड आहे.

1981 मध्ये सॅमसन हा बँड सोडून डिकिन्सन आयर्न मेडनमध्ये आला आणि पुढच्याच वर्षीच्या ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ने बँडला शिखरावर नेले. त्याचा पहिला स्वतंत्र अल्बम ‘टॅटूड मिलियनेअर’ 1990 च्या मे महिन्यात आला. तो का आला, याचे उत्तर त्या अल्बमवरच्या एकाही गाण्यात नाही. ते आहे ‘ब्रिंग युअर डॉटर... टू द स्लॉटर’ या गाण्यात. ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ या भयपटमालिकेच्या पाचव्या भागासाठी, 1989 साली, डिकिन्सनने गिटारवादक यानिक गर्सच्या साथीने ते केले. काम जमले, म्हणून दोघांनी पुढे अख्खा अल्बम केला. पण मेडनचा संस्थापक स्टीव्ह हॅरिसला ते गाणे आवडले आणि त्याने ते बँडसाठी मागून घेतले. मेडनने ते नव्याने मुद्रित केले, 24 डिसेंबर 1990 ला ते सिंगल म्हणून बाजारात आले आणि जानेवारीत ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले. एवढी मोठी कारकीर्द असलेल्या या बँडचे तिथे पहिले आलेले हे एकमेव गाणे. दरम्यान गिटारवादक एड्रियन स्मिथ बँडमधून बाहेर पडला होता आणि त्याच्या जागी गर्सच आला होता. म्हणजे एकट्याने केलेल्या एका गाण्याने गायकाला अल्बम दिला, बँडला गिटारवादक दिला आणि पहिला क्रमांकही दिला; आणि ज्या अल्बमचे ते मूळ, त्यात मात्र त्याला जागा मिळाली नाही. ‘टॅटूड मिलियनेअर’च्या सोबत ते मूळ मुद्रण आले 2005 च्या विस्तारित आवृत्तीत, दुसऱ्या सीडीवर. त्याच सीडीवर एसी/डीसीचे ‘सिन सिटी’ आहे, डीप पर्पलचे ‘ब्लॅक नाइट’ आहे आणि सॅमसनच्या दिवसांतले ‘रायडिंग विथ द एंजल्स’ आहे. डिकिन्सन कोणाच्या घराण्यातून आला आणि मेडनआधी काय गात होता, हे त्या सीडीवर सलग ऐकू येते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: गाणी चांगली असती तर अल्बममध्येच आली असती. काही गाण्यांबद्दल हे खरे आहे, आणि ती पुन्हा ऐकण्याची तसदी कोणी घेऊ नये असेही मी म्हणेन. पण गाणे अल्बमबाहेर राहण्याचे कारण दर वेळी त्याचा कच्चेपणा नसतो. एल्म स्ट्रीटचे गाणे बाहेर राहिले ते मागणी आली म्हणून. ‘बॉल्स टू पिकासो’ या 1994 च्या अल्बमचा प्रकार आणखी वेगळा. तो आधी स्किन या ब्रिटिश बँडबरोबर, मग निर्माता कीथ ओल्सेनबरोबर करून पाहिला गेला. दोन्ही प्रयत्न सोडून अखेरीस लॉस एंजेलिसच्या ट्राइब ऑफ जिप्सीजचा रॉय झी साथीला घेतल्यावर तो उभा राहिला. त्या मधल्या धडपडीची चाहूल त्यातल्याच ‘टियर्स ऑफ द ड्रॅगन’ या गाण्याच्या सिंगल्सवरच्या जादा गाण्यांतून लागते. ती अल्बमपेक्षा सरस नाहीत. पण मेडन सोडून निघालेला गायक कोणकोणत्या वाटा चाचपून पाहत होता, हे त्यांच्याशिवाय कळणार नाही. 2001 च्या ‘द बेस्ट ऑफ ब्रूस डिकिन्सन’च्या दुसऱ्या सीडीवर तर शॉट्स या अनोळखी बँडबरोबरचे ‘ड्रॅक्युला’ आहे, म्हणजे त्याचे पहिलेवहिले ध्वनिमुद्रण. गुणवत्तेच्या तराजूत ते कदाचित हलके ठरेल. दस्तऐवज म्हणून त्याची किंमत वेगळी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अल्बमला स्वतःचा आकार असतो, आणि जादा गाणे तो मोडते. 1998 चा ‘द केमिकल वेडिंग’ हा डिकिन्सनचा माझ्या मते सर्वांत बांधीव अल्बम, विल्यम ब्लेकच्या काव्यसृष्टीवर रचलेला. त्यातले शेवटचे ‘द अल्केमिस्ट’ हे गाणे संपता संपता शीर्षकगीताच्या ध्रुपदाकडे परत जाते. वर्तुळ पुरे होते, ऐकणारा थांबतो. विस्तारित आवृत्तीत मात्र त्याच्या मागोमाग ‘रिटर्न ऑफ द किंग’, ‘रिअल वर्ल्ड’ आणि ‘कन्फेओस’ ही तीन गाणी येतात. पहिले दमदार आहे, तरीही तिथे ते आगंतुकच वाटते. इथे आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण तो जागेबद्दल आहे, गाण्यांबद्दल नाही. दुसऱ्या सीडीवर ठेवलेले जादा गाणे अल्बमला धक्का लावत नाही.

तिसरी तक्रार पैशांची. एकाच अल्बमसाठी चाहत्याने दोनदा पैसे का मोजावेत? जपानी सीडी परदेशात आणखी महाग पडे, आणि पुढे विस्तारित आवृत्ती आली की आधीची खरेदी पाण्यात. ही लूटच होती, तिची तरफदारी करण्याचे कारण नाही. मात्र याच हावरेपणामुळे कंपन्यांनी कपाटातल्या फिती जपल्या आणि बाहेर काढल्या, हेही नाकारता येत नाही.

गायक आणि बँड यांच्यातली ही देवघेव आजही चालू आहे. 1 फेब्रुवारी 2008 ला, मेडनमध्ये परतलेला डिकिन्सन स्वतः विमान चालवत मुंबईत उतरला आणि वांद्रे-कुर्ला संकुलात गायला, तेव्हा यादी मेडनचीच होती. बँडच्या मंचावर त्याच्या स्वतंत्र अल्बमांना जागा नसते. उलट दिशेने मात्र गाणी जातात. मेडनच्या 2015 च्या ‘द बुक ऑफ सोल्स’ची सुरुवात करणारे ‘इफ इटर्निटी शुड फेल’ डिकिन्सनने स्वतःच्या अल्बमसाठी लिहिले होते. 2024 च्या ‘द मॅन्ड्रेक प्रोजेक्ट’वर त्याने त्याचेच रूप ‘इटर्निटी हॅज फेल्ड’ या नावाने परत आणले, आणि त्याआधी आलेल्या ‘आफ्टरग्लो ऑफ रॅग्नारॉक’ या 7 इंची सिंगलच्या मागच्या बाजूला मूळ कच्चे मुद्रण दिले. तिन्ही मुद्रणे एकापाठोपाठ ऐकली की गायकाचा हात कुठे थांबतो आणि बँडचा कुठे सुरू होतो, हे कानांना कळते.

आता सीडीच मागे पडली आहे. फोनवरच्या अल्बममध्ये जादा गाणी मूळ यादीला चिकटून येतात. ती कधीची, कुठली, साथीला कोण, याचा पत्ता नाही. पूर्वी निदान पुस्तिका असायची. कंपन्यांनी प्रत्येक जादा गाण्यासमोर मुद्रणाचे वर्ष, ठिकाण आणि वादकांची नावे द्यावीत, आणि मूळ अल्बम कुठे संपतो तिथे एक रेघ ओढावी. श्रोत्यांनीही ती मागावी.