एका तालाचा आजार

आजोबांचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असला की थरथरायचा. काही उचलायला गेले की थरथर कमी व्हायची. पाहुणे आले की ते हात शालीखाली लपवायचे. मला वाटायचं, मेंदूतली शिस्त बिघडलीय. भौतिकशास्त्र शिकताना कळलं, गोष्ट जवळजवळ उलटी आहे.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली कंपवातावर निबंध लिहिला. त्यात सहाच रुग्ण, काही तर रस्त्यात दिसलेले. हात स्वस्थ असतानाच थरथरतो, हे त्यांनी अचूक टिपलं. पण थरथरीला ताल का असतो, हे समजायला वेगळ्याच वाटेने यावं लागलं.

ती वाट घड्याळांपासून सुरू होते. १६६५ मध्ये आजारी पडलेल्या ख्रिस्तियान हायगेन्स यांना दिसलं, की एकाच आधाराला टांगलेली लंबकाची दोन घड्याळं आपोआप ताल जुळवतात. आधारातून जाणारे बारीक हादरे त्यांना बांधत होते. १९७५ मध्ये जपानचे योशिकी कुरामोतो यांनी दोनाऐवजी असंख्य आंदोलकांचं गणित मांडलं. प्रत्येकाची गती वेगळी. परस्परांतली ओढ कमी असेल, तर जो तो आपल्या तालात. ओढ एका मर्यादेपलीकडे गेली, की मोठा गट एकदम एका तालात येतो. पाणी गोठण्यासारख्या बदलांचा अभ्यास करणारं सांख्यिकी भौतिकशास्त्र इथे कामी आलं.

कंपवातात डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. मग मेंदूच्या काही भागांतल्या चेतापेशी आपापलं काम सोडून एकत्र ठोके देऊ लागतात. हात सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा हलतो.

१९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलला आलिम-लुई बेनाबिद यांनी मेंदूत खोलवर विजेचे जलद झटके दिले आणि थरथर थांबली. पुढे भौतिकशास्त्र आणि वैद्यक दोन्ही शिकलेले पीटर टास यांनी कुरामोतोंच्या वाटेने विचार केला: जोर कशाला लावायचा? वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या क्षणी हलके झटके देऊन गटच फोडू. ही पद्धत अजून चाचण्यांच्या टप्प्यावर आहे.

आजोबांच्या वेळी यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. नाहीतर सांगितलं असतं, "आजोबा, हात लपवू नका. आतल्या पेशी फक्त जरा जास्तच एकत्र आल्यात."