नियम पाळला असता तरी

12 डिसेंबर 2021 च्या अबू धाबीच्या शर्यतीबद्दल फॉर्म्युला वनच्या जगात एक मत आता जवळपास रूढ झालं आहे. नियम स्वच्छ होता, रेस डायरेक्टर मायकल मासी यांनी तो मोडला आणि लुइस हॅमिल्टनचं आठवं जगज्जेतेपद गेलं. पुढे मासींना हटवलं, नियमाचे शब्द बदलले, गाड्या मोजायचं काम संगणकाकडे दिलं आणि प्रश्न मिटला. या मताचा पूर्वार्ध मला मान्य आहे. उत्तरार्ध साफ चुकीचा आहे, आणि पूर्वार्ध खरा असल्यामुळेच तो बिनबोभाट खपून जातो.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे. शर्यतीला उतरताना हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टापेन या दोघांचे गुण सारखेच होते, 369.5. 58 फेऱ्यांपैकी 53 व्या फेरीत निकोलस लतिफीची गाडी भिंतीवर आदळली, तेव्हा हॅमिल्टन अकरा-बारा सेकंदांनी पुढे होता. सेफ्टी कार आली, म्हणजे सगळ्यांना तिच्या मागे रांगेत हळू चालणं भाग पडलं. व्हर्स्टापेनने पिटमध्ये जाऊन नवे सॉफ्ट टायर चढवले. हॅमिल्टन आत गेला असता तर पहिली जागा गमावून बसला असता, म्हणून तो 14 व्या फेरीपासूनच्या हार्ड टायरांवरच राहिला. दोघांच्या मधे एक फेरी मागे पडलेल्या पाच गाड्या होत्या. मागे पडलेल्यांना पुढे जाता येणार नाही, असा निरोप आधी आला. मग 57 व्या फेरीत नेमक्या त्या पाचांनाच वाट मोकळी करून दिली, बाकीच्यांना होते तिथेच ठेवलं आणि त्याच फेरीअखेर सेफ्टी कार आत घेतली. तेव्हाच्या कलम 48.12 प्रमाणे मागे पडलेली शेवटची गाडी पुढे निघून गेल्यावर त्यानंतरच्या फेरीच्या शेवटी सेफ्टी कार आत यायला हवी होती. तो हिशेब धरला तर शर्यत सेफ्टी कारच्या मागेच संपली असती.

स्ट्युअर्डांनी हॅमिल्टनच्या मर्सिडिज संघाची तक्रार फेटाळताना 48.13 चा आणि सेफ्टी कारवर रेस डायरेक्टरचा अधिकार सांगणाऱ्या 15.3 चा आधार घेतला. मला हा युक्तिवाद ओढूनताणून आणलेला वाटतो. अधिकार आहे म्हणजे कार्यपद्धती गुंडाळून ठेवायची मुभा आहे, असं होत नाही. शिवाय ऑक्टोबर 2020 मध्ये न्युर्बुर्गरिंगच्या शर्यतीनंतर खुद्द मासींनीच सांगितलं होतं की मागे पडलेल्या सगळ्या गाड्यांना पुढे सोडणं नियमाने बंधनकारक आहे. तेव्हा नियम मोडला, यात शंका नाही. मार्च 2022 च्या अहवालात नियामक संस्था एफआयएनेही मानवी चूक झाल्याचं म्हटलं आणि निकाल मात्र कायम ठेवला.

खरं घोडं पेंड खातं ते याच्या पुढे. नियम पाळायचा म्हणजे नेमकं काय करायचं होतं? त्या क्षणी मासींसमोर कायदेशीर वाटा तीन होत्या. पाचही गाड्या मधे तशाच ठेवून शर्यत पुन्हा सुरू करायची. सगळ्यांना पुढे सोडून सेफ्टी कारच्या मागे शर्यत संपवायची. किंवा लाल झेंडा दाखवून थांबवायची, म्हणजे दोघांनाही नवे टायर आणि ग्रिडवरून नवी सुरुवात. पहिल्या वाटेत हॅमिल्टनचं पारडं जड, दुसरीत तो जगज्जेता नक्की, तिसरीत कुणालाच काही सांगता आलं नसतं. नियमपुस्तकाने तिन्ही दारं उघडी ठेवली होती. रेडिओवर एका बाजूने मर्सिडिजचे टोटो वोल्फ, दुसऱ्या बाजूने व्हर्स्टापेनच्या रेड बुल संघाचे जोनाथन व्हीटली कानाशी बोलत होते, आणि निवड एका माणसाच्या हातात होती. त्याने नियम तंतोतंत पाळला असता तरी जगज्जेता रेस डायरेक्टरच्या खोलीतच ठरला असता. मासींनी चौथी, बेकायदा वाट धरली म्हणून आपण तिच्यावर तुटून पडलो आणि उरलेल्या तीन वाटांकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

नियम सुधारल्यावर काय झालं, ते मोंझाला दिसलं. 11 सप्टेंबर 2022. 53 फेऱ्यांच्या शर्यतीत 47 व्या फेरीला डॅनियल रिकार्डोची गाडी बंद पडली. ती गिअरमध्ये अडकल्यामुळे ढकलून हलेना, क्रेन आणावी लागली. सेफ्टी कारने पहिल्या क्रमांकावरच्या व्हर्स्टापेनऐवजी तिसऱ्या क्रमांकाच्या जॉर्ज रसेलला गाठलं, रांग लावण्यात वेळ गेला आणि शर्यत सेफ्टी कारच्या मागेच संपली. अबू धाबीत व्हायला हवं होतं असं सगळे म्हणत होते, तेच इथे शिस्तीत झालं. तरी स्टँडमधून हुर्यो उडाली. फेरारीचे मात्तिया बिनोत्तो चिडले हे समजू शकतं, पण जिंकलेल्या संघाचे क्रिस्तियन हॉर्नरही तक्रार करत होते. जेमतेम नऊ महिन्यांपूर्वी ज्यांना कायद्याचा एवढा कळवळा आला होता, त्यांना कायद्याने दिलेला निकाल रुचेना.

आता दंडाकडे वळू. इथे रूढ मत असं, की दंड कडक आणि ठरावीक असले म्हणजे न्याय होतो. पाच सेकंद म्हणजे सगळ्यांना पाच सेकंद. हे ऐकायला बरं वाटतं. एप्रिल 2023 च्या मेलबर्नच्या शर्यतीत अखेरच्या फेरसुरुवातीला कार्लोस साइन्झची गाडी फर्नांदो अलोन्सोला लागली. गोंधळ झाला, पुन्हा लाल झेंडा लागला आणि क्रम आधीच्या ग्रिडप्रमाणे लावल्यामुळे अलोन्सोला त्याची तिसरी जागा परत मिळाली. म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्याचं भरून निघालं. साइन्झचे पाच सेकंद मात्र राहिले. शेवटची फेरी सेफ्टी कारच्या मागे, गाड्या एकमेकींच्या शेपटीला लागलेल्या. साइन्झ चौथा आला आणि बाराव्या क्रमांकावर फेकला गेला. तेच पाच सेकंद मोकळ्या शर्यतीत घडले असते तर कदाचित एखादी जागा गेली असती, कदाचित तीही नाही.

याच्या उलट टोक 2010 च्या वालेन्सियाचं. हॅमिल्टनने पिटच्या तोंडाशी सेफ्टी कारलाच ओलांडलं. त्यासाठी पिटमधून चक्कर मारायची शिक्षा झाली, पण निर्णयाला इतका उशीर लागला की तोवर मागे कामुई कोबायाशीच्या पाठी सगळी रांग अडकलेली. हॅमिल्टन शिक्षा भोगून दुसराच राहिला. नियम पाळून सेफ्टी कारमागे थांबलेला अलोन्सो मात्र मधल्या गर्दीत बुडाला. सिल्व्हरस्टोन 1998 तर हास्यास्पदच म्हणावं लागेल. मिखाएल शूमाकरने सेफ्टी कार असताना अलेक्स वुर्झला ओलांडलं, शिक्षेचा कागद उशिरा आणि संदिग्ध शब्दांत आला, आणि त्याने ती शिक्षा शेवटच्या फेरीत पिटमध्ये जाऊन भोगली. फेरारीची जागा अंतिम रेषेच्या पलीकडे होती, तेव्हा तो पिटमध्येच शर्यत जिंकला. पुढे तिन्ही स्ट्युअर्डांनी आपले परवाने परत केले.

ही उदाहरणं मासींच्या कितीतरी आधीची आणि नंतरचीही आहेत. 2010 च्या मोनाकोत चेन्नईच्या करुण चंढोकच्या गाडीवर यार्नो त्रुल्लीची गाडी चढली, सेफ्टी कार आली आणि शेवटच्या फेरीअखेर आत गेली. हिरवे झेंडे दिसले, म्हणून शूमाकरने शेवटच्या वळणावर अलोन्सोला मागे टाकलं. 20 सेकंदांचा दंड, सहाव्यावरून बारावा. शर्यत संपवण्यासाठी आत जाणारी सेफ्टी कार आणि शर्यत पुन्हा सुरू करण्यासाठी आत जाणारी सेफ्टी कार यांत ट्रॅकवरच्या चालकाला फरक दिसत नव्हता. तेव्हाही माणसं बदलली नाहीत तर शब्द बदलू, हाच उपाय सुचला होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

माझं म्हणणं असं, की वादाचं मूळ कलमाच्या शब्दांत नाही आणि अंमलबजावणी करणाऱ्यातही नाही. सेफ्टी कार तटस्थ असते, हे गृहीतकच खोटं आहे. पावसाने क्रिकेटचा सामना थांबला तर फलकावरच्या धावा कुणी पुसत नाही. सेफ्टी कार आली की तासाभरात कमावलेली आघाडी शून्य होते. 2008 च्या सिंगापूरमध्ये रेनोने नेल्सन पिके धाकट्याला गाडी मुद्दाम भिंतीवर घालायला लावली, ते हे ओळखूनच.

त्याच अबू धाबीच्या शर्यतीत 36 व्या फेरीला अँटोनियो जोविनाझ्झीची गाडी थांबली, तेव्हा आभासी सेफ्टी कार लागली होती. सगळ्यांना ठरलेल्या मंद वेगाने चालावं लागलं. व्हर्स्टापेनने स्वस्तात टायर बदलून घेतले, तरी गाड्यांची रांग लागली नाही. त्यावरून वाद झाल्याचं आज कुणाला आठवतही नाही. ही पद्धत आली 2015 मध्ये, सुझुकाला ज्यूल्स बियांकीची गाडी क्रेनवर आदळल्यानंतर. तिचा जन्म निखळ सुरक्षेतून झाला.

आक्षेप येईल तो मार्शलांच्या बाजूने, आणि तो वजनदार आहे. गाड्या एकत्र बांधल्या की उरलेला ट्रॅक बराच वेळ रिकामा राहतो आणि माणसांना निर्धास्त काम करता येतं. आभासी पद्धतीत ती फट मिळत नाही. म्हणून सेफ्टी कार काढून टाका, असं मी म्हणत नाही. पण मागे पडलेल्या गाड्यांना पुढे सोडण्याने कोणत्या मार्शलचा जीव वाचतो? उलट मोकळ्या सुटलेल्या गाड्या वेगाने एक अख्खी फेरी मारतात. 2012 मध्ये हा नियम परत आला, तो पहिल्या दुसऱ्याची झुंज स्वच्छ दिसावी म्हणून. तो काढून टाकावा, आणि शर्यत सेफ्टी कारमागे संपणार असेल तर दंड सेकंदांऐवजी जागांमध्ये मोजावा. मग 48.12 सारख्या कलमावर भांडायला फारसं काही उरणार नाही, आणि साइन्झसारख्याला पाच सेकंदांपायी आठ जागा मोजाव्या लागणार नाहीत.

प्रेक्षकांनी पैसे मोजलेत, त्यांना धावती अखेर हवी, असं म्हणणारे अमेरिकेच्या नॅसकारकडे बोट दाखवतात. तिथे 2004 पासून मुख्य मालिकेत अशा वेळी जादा फेऱ्या धावतात. फॉर्म्युला वनमध्ये भर शर्यतीत इंधन भरायला बंदी आहे. तेव्हा येतील न येतील अशा फेऱ्यांसाठी प्रत्येकाला सुरुवातीपासून जास्त इंधन वाहावं लागेल. आणि त्या दोन फेऱ्यांत पुन्हा कुणी भिंतीला लागला, तर पुन्हा सेफ्टी कार, पुन्हा निवड एका माणसाच्या हातात.