बोटांची वर्णमाला

मराठवाड्यांतील शिरूर अनंतपाळपासून कर्नाटकाची सीमा फारशी दूर नाहीं. तेथील डोळस मुलाला कानडी पुस्तकांतला ‘क’ ओळखावयाचा, तर दुसरी वर्णमाला गिरवावी लागते. ब्रेल शिकलेल्या अंध मुलाच्या बोटाला मात्र तो लागलीच ओळखूं येतो. हें कसें घडलें, तें आज पाहूं.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्यें व्हॅलेंटिन हाउई यांनीं अंधांसाठीं शाळा काढून डोळसांचींच रोमन अक्षरें उठावानें छापिलीं. हेतु थोर होता. परंतु तीं वळणें चांचपण्यांत फार वेळ जाई, आणि अंधाला स्वतः लिहितां येत नसे. पुढें शार्ल बार्बिए या लष्करी अधिकाऱ्यानें बारा बिंदूंची लिपि योजिली. तिचें एक चिन्ह बोटाच्या एका स्पर्शांत मावेना. शिवाय ती केवळ उच्चारांची, म्हणून शुद्धलेखन साधेना. हाउईंच्याच शाळेंतील लुई ब्रेल या अंध विद्यार्थ्यानें बिंदु सहावर आणिले आणि १८२९ सालीं आपली पद्धति प्रसिद्ध केली. जीं बोटें वाचणार, त्यांनींच अक्षराचें माप ठरविलें, हें तिच्या यशाचें मर्म होय.

मुंबईंत १९०० सालीं अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनीं अंधशाळा काढिली. १९०२ मध्यें व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. बिंदु सर्वत्र तेच सहा. पण देशी भाषांसाठीं जुळणी ज्याची त्याची. नीलकंठराय छत्रपति यांची एक, कलकत्त्याच्या शाह यांची दुसरी, म्हैसूरची तिसरी. परिणामीं एका शाळेचें पुस्तक दुसऱ्या शाळेच्या मुलाला परकें झालें. अंधांसाठीं पुस्तकें आधींच थोडीं. तींहि अशीं वांटलीं गेलीं.

भारत सरकारनें १९४९ सालीं हा प्रश्न युनेस्कोकडे नेला, आणि १९५१ मध्यें ‘भारती ब्रेल’ मान्य झाली. तिचा नियम साधा: भाषा कोणतीहि असो, समान वर्णाला समान बिंदु. पहिला आणि तिसरा बिंदु म्हणजे ‘क’, मराठींतहि आणि कानडींतहि. छापील ‘कि’मध्यें वेलांटी आधीं दिसते, येथें आधीं क, मग इ, अगदीं उच्चाराच्या क्रमानें.

आज यंत्रें पुस्तकें वाचून दाखवितात, तेव्हां ब्रेल कशाला, असें कोणी विचारील. हें भाषण आपण ऐकलेंत. पण त्यांतली कोणती वेलांटी ऱ्हस्व आणि कोणती दीर्घ, हें कानाला सहसा सांगतां येत नाहीं. बोटाला तें सांगतां येतें. ऐकणारा ज्ञान मिळवितो. वाचणारा लिहूंहि शकतो. म्हणून अंध मुलाच्या हातीं पुस्तक दिलेंच पाहिजे.